पाहुण्यांसाठी रेशमाच्या अळ्या

लग्न ठरताना माझी अट एकच होती. माझा सरडा माझ्याबरोबर येणार. कॉलेज रोडच्या एका कॅफेत आमची पहिली भेट झाली, तेव्हाच मी हे समोरच्या माणसाला सांगून टाकलं. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला, जरासा विचार केला आणि म्हणाला, "चालेल की." मी मोबाइलवर फोटो दाखवला. "छान आहे," म्हणाला, पण फोन काही हातात घेतला नाही. मला वाटलं, किती सभ्य माणूस, दुसऱ्याच्या फोनला हातसुद्धा लावत नाही.

हा सरडा म्हणजे कुंपणावर मान हलवत बसणारा नव्हे. तो शॅमेलियन, मूळचा येमेनकडच्या जातीचा. डोक्यावर टोपीसारखा उंच तुरा, दोन दिशांना फिरणारे दोन डोळे आणि जिलबीसारखी गुंडाळलेली शेपटी. आपल्या रानातला सरडा पाळणं गुन्हा आहे, पण या परदेशी सरड्याचे रीतसर कागद होते. पुण्यात शिकत असताना एक मैत्रीण परदेशी निघाली आणि जाता जाता बोटाएवढं हे पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवून गेली. माझं शिक्षण, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, सगळं त्याने खिडकीतल्या फांदीवर बसून पाहिलं. माझं लग्न झालं तोवर तो त्याच्या जातीच्या मानाने चांगलाच म्हातारा झाला होता.

माझं सासर मखमलाबादला. घरचा मळा, त्यात झेंडू आणि शेवंती, बांधाला थोडे गुलाब. सासरे पूर्वीच गेलेले, त्यामुळे घरात सासूबाई आणि माझा नवरा अशी दोनच माणसं. पहाटे फुलं तोडायची आणि गणेशवाडीच्या फूलबाजारात न्यायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मी माप ओलांडून आत आले आणि माझ्यामागून माझ्या भावाने जाळीचा उंच पिंजरा आत आणला. सासूबाई वाकून आत बघत म्हणाल्या, "आन् हे पाहुणे कोण?"

तेच नाव पडलं. पाहुणे. तेही कायम आदरार्थी. "पाहुणे उठले का?" "पाहुण्यांना ऊन लागतंय का बघ." सासूबाईंचं माहेर सिन्नरकडचं, सगळा जन्म रानात गेलेला. त्यांना सरड्याचं काय भय असणार?

भय होतं ते नवऱ्याला. पिंजरा, आत जास्वंदाची कुंडी ठेवून, पुढच्या पडवीत मांडला होता आणि हा माणूस रोज मागच्या दाराने ये-जा करायचा. मला वाटलं, मळ्यातून येतो म्हणून असेल. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं, "अगं, लहानपनी त्याच्या सदऱ्यात सरडा शिरला व्हता. तवापासून पालीलाबी भितोय त्यो."

मी त्याला धारेवर धरलं. "मग त्या दिवशी 'चालेल' कशाला म्हणालास?"

"तू आवडली होतीस," तो म्हणाला. "सरड्याचं पुढे बघू म्हटलं."

आमचा संसार असाच सुरू झाला. मी आणि पाहुणे पडवीत, नवरा मागच्या दाराने.

गणपती बसायच्या सुमाराला पाहुण्यांचं बिनसलं. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसू लागले. हिरवा रंग जाऊन अंग मातकट दिसायला लागलं आणि पुढच्या पायांचे सांधे सुजले. खाण्याची तर पंचाईतच झाली. शॅमेलियन जीभ फेकून किडा पकडतो. अंगाहून लांब अशी ती जीभ डोळ्याचं पातं लवायच्या आत जाऊन परत येते. आता मात्र पाहुणे समोरच्या किड्यावर नेम धरायचे, तोंड उघडायचे आणि जीभ जेमतेम ओठाबाहेर येऊन लोंबकळायची. मग ती हळूहळू आत ओढून घ्यायचे आणि तोंड फिरवून बसायचे.

शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ, पण सरड्याला हात लावायला कोणी तयार होईना. शेवटी एका तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, "घेऊन या. मी आजवर एकही तपासलेला नाही, पण माझ्या सरांना विचारून करू." त्यांनी फोनच्या पडद्यावर आपल्या सरांना पाहुणे दाखवले. मग दोघांनी मिळून सगळं अंग बघितलं. निदान झालं ते असं: वयामुळे मूत्रपिंडं थकली आहेत, शरीरात पाणी कमी पडतंय आणि माणसांना होतो तसाच संधिवात पायांत उतरलाय. बाईंनी केसाएवढ्या सुईने कातडीखाली सलाईन दिलं आणि औषधाचे थेंब लिहून दिले.

"बरा होईल का?" मी विचारलं.

"तरुण होणार नाही," त्या हसून म्हणाल्या. "पण उरलेले दिवस सुखात काढू शकेल. भरपूर पाणी द्या. कडक पाठीचे किडे बंद, मऊ आणि रसदार असं काहीतरी हाताने भरवा. आणि मळ्यातलं काही देऊ नका, फवारणी असते."

पाण्याचा प्रश्न मोठा होता, कारण हे प्राणी वाटीतलं पाणी पीत नाहीत. पानावरून ओघळणारा थेंब दिसला तरच पितात. दिवसभर कोण फवारा मारत बसणार? घरी आल्यावर मी सासूबाईंना हे सांगत होते आणि नवरा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "थेंब थेंबच पाहिजे ना? ते मला जमेल. हात लावायचा नसेल तर."

दुसऱ्या दिवशी त्याने मळ्याच्या ठिबक सिंचनाच्या नळीचा नवाकोरा तुकडा आणला, पडवीच्या वाशाला पाण्याचा छोटा कॅन टांगला आणि लांब काठीने नळी पिंजऱ्यावर सरकवली. जास्वंदाच्या पानावर टप, टप थेंब पडू लागले. पाहुण्यांनी एक डोळा उघडला आणि थेंबाकडे वळवला. मग पुढे झुकून ते चघळल्यासारखे पाणी पिऊ लागले. पीतच राहिले. नवरा दारातून बघत होता. "झेंडूपेक्षा जास्त पितोय," म्हणाला. आवाजात चक्क अभिमान होता.

राहिला प्रश्न मऊ, रसदार खाण्याचा. जेवताना मी तेच बोलत होते, तर सासूबाई भाकरीचा तुकडा हातात धरून थांबल्या. "मऊ अळ्या? माझ्या भावाकडं ढीगभर हायेत की!"

मामांचं गाव सिन्नरच्या पुढे. तिथे त्यांची तुतीची लागवड आणि रेशमाच्या अळ्यांची शेड. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "रेशमाच्या अळ्या? याहून चांगलं पथ्य नाही."

रविवारी नवरा एसटीने जाऊन खोक्यात तुतीचा पाला आणि अळ्या घेऊन आला. येताना बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं म्हणे, "खोक्यात काय चरचरतंय हो?" कारण रेशमाच्या अळ्या पाला खाताना बारीक आवाज होतो. याने झाकण उघडून दाखवलं. मग मागच्या-पुढच्या बाकांवरच्या सगळ्यांनी उठून बघितलं. कोणासाठी नेताय, असं कंडक्टरने विचारलं तर हा म्हणाला, "घरी पाहुणे आजारी आहेत." पुढे शहरातला द्वारका चौक येईपर्यंत त्याच्याशी कोणी बोललं नाही.

मी एक अळी चिमटीत धरून पाहुण्यांच्या ओठाला लावली. त्यांनी तोंड उघडलं, चावली, गिळली. पुन्हा तोंड उघडलं. सासूबाईंनी टाळीच वाजवली.

सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच मी फुलं धुतलेल्या ओल्या फरशीवर घसरले आणि उजवा हात मनगटात मोडला. प्लास्टर कोपरापर्यंत. दसरा तोंडावर, मळ्यात झेंडूची तोड जोरात. सासूबाई दिवसभर फुलांत, त्यांना मान वर करायला सवड नाही. डाव्या हाताने मी प्रयत्न केला, तर अळी दोनदा खाली पडली आणि पाहुणे रुसल्यासारखे पाठ करून बसले.

नवरा बराच वेळ दारात उभा होता. मग हात साबणाने धुऊन आला. दोनदा धुतले.

"तू नको," मी म्हणाले. "आपण डॉक्टरबाईंना विचारू."

"अळी मी धरू शकतो," तो म्हणाला. "मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या शेडमध्ये हजारो उचलल्यात. अळीचं काही नाही. तिच्या पलीकडच्या टोकाला जे आहे ना, त्याचं भय वाटतं."

"मग फक्त अळीकडे बघ."

त्याने तसंच केलं. तळहातावर अळी ठेवून हात पिंजऱ्यात घातला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. कपाळावर घाम. पाहुणे सावकाश पुढे सरकले, एक पाय त्याच्या बोटावर टाकला आणि अळी उचलली. नवऱ्याच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, पण हात हलला नाही.

"झालं?" त्याने भिंतीलाच विचारलं.

"झालं. पण पाय अजून तुझ्या बोटावर आहे."

"किती गार आहे गं," तो म्हणाला. आणि मग हळूच मान वळवून त्याने बघितलं.

त्या दिवसापासून भरवणं त्याच्याकडे गेलं. पहाटेची तोड उरकली की तो पुढच्या दाराने पडवीत यायचा, हात धुवायचा आणि आधी पाहुण्यांना जेवू घालायचा. माझं प्लास्टर निघालं तरी त्याने ते काम परत दिलं नाही. "तुला जमत नाही, तू घाई करतेस," असं मला ऐकवायचा! सहा वर्षं सांभाळलेल्या माझ्याच सरड्याबद्दल! सांध्यांची सूजही उतरली. अंगावर जुना हिरवा रंग दिसायला लागला.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी स्वयंपाकघरात असताना पडवीतून मोठी आरोळी ऐकू आली. मी धावले. मळ्यातून सासूबाई धावल्या, तोडीला आलेल्या दोघी बायका कोयते घेऊन धावल्या. त्यांना वाटलं, साप निघाला. नवरा तळहात पुढे करून उभा होता आणि हात रिकामा होता.

"जीभ मारली!" तो ओरडत होता. "लांबून! फाट्कन! माझ्या हातावरून नेली!"

त्याने आम्हा सगळ्यांना थांबवून ठेवलं आणि दुसरी अळी धरली. पाहुण्यांनी दोन्ही डोळे तिच्यावर रोखले, बराच नेम धरला, आणि खरंच, वीतभर अंतरावरून जीभ आली आणि अळी गेली. पूर्वीसारखी लांब नव्हती, पण नेम चुकला नव्हता. तोडीच्या बायकांपैकी एक म्हणाली, "बाई बाई, लय भारी हाय म्हातारा!" सासूबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना शिरा केला.

हिवाळा पाहुण्यांनी दिव्याच्या उबेत काढला. मामा अळ्यांची प्रत्येक बॅच आली की फोन करायचे. उन्हाळा लागता लागता मात्र खाणं कमी झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता त्याला त्रास नको, फक्त पाणी द्या. एका सकाळी पाहुणे जास्वंदाच्या फांदीला नेहमीसारखे घट्ट धरून बसले होते, पण डोळे उघडले नाहीत. नवऱ्याने एकेक बोट अलगद सोडवून त्यांना हातात घेतलं. गुलाबाच्या बांधाशी खड्डाही त्यानेच केला. मी रडले, सासूबाई रडल्या. तो रडला नाही, पण दुसऱ्या दिवशीही तोड उरकून पडवीत आला आणि हात धुऊन उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात मामांचा फोन आला. "सूनबाई, नवी बॅच आलीय. पाहुण्यांसाठी किती ठेवू?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं खाऊनपिऊन गेले ना? मग झालं. तुम्ही तिघं या रविवारी. माणसांनीबी खावं आमच्याकडं कधी."

आम्ही गेलो. मामींनी पुरणपोळी केली होती. जेवण झाल्यावर नवरा मला शेडमध्ये घेऊन गेला, पाल्यावरची एक गुबगुबीत अळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि कोणती अळी कधी कोष करणार हे कसं ओळखायचं, ते समजावत बसला.