दोन्ही अर्ज मीच लिहिले

आमच्या मैदानाच्या एका बाजूला कमरेएवढी दगडी भिंत होती, आणि तिच्यावर बसणाऱ्या आम्हा सात-आठ जणांना फुटबॉलमधलं सगळं कळत होतं. आमच्यातल्या एकानेही जन्मात गोल मारला नव्हता, ती गोष्ट वेगळी. पनवेलात तेव्हा जिकडेतिकडे क्रिकेट. रविवार उजाडला की टेनिस बॉलच्या टुर्नामेंट, लाउडस्पीकर, बक्षिसाला बोकड. त्या सगळ्यात मोहल्ल्यातली आणि आमच्या आळीतली पोरं मिळून एक फुटबॉलचा संघ होता. तालुक्याच्या लीगमध्ये एके काळी त्याचा दरारा होता म्हणे. मी बघायला लागलो तोवर ते 'म्हणे'च उरलं होतं.

हे दोन हजार आठ-नऊच्या आसपासचं. मी तहसील कचेरीबाहेर एका टपरीत कॉम्प्युटर घेऊन बसायचो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तक्रारी, जे लागेल ते टाइप करून द्यायचो. भाषेवर हात बसला होता. साधी नळाची तक्रार असली तरी मी ती अशी लिहायचो की साहेबाला घाम फुटावा. या गोष्टीचा मला माज होता, आता कबूल करायला हरकत नाही.

भिंतीची एक रीत होती. संघ फारच मार खायला लागला की आम्ही पाय उचलून पलीकडे टाकायचो आणि मैदानाकडे पाठ करून बसायचो. शिवी नाही, ओरडणं नाही. पोरांना नुसत्या आठ पाठी दिसायच्या. ही रीत एका रिटायर्ड एसटी कंडक्टर काकांनी घालून दिली होती आणि पहिला पाय तेच उचलायचे. त्यांनी उचलला की बाकीच्यांनी उचलायचाच, नाहीतर दिवसभर टोमणे ऐका.

त्या वर्षी जुना कोच कामोठ्याला फ्लॅट घेऊन गेला आणि आता लांब पडतं म्हणाला. रिक्षाने पंधरा मिनिटांवरचं कामोठं लांब, म्हणजे बघा. हरणाऱ्या संघाला सगळंच लांब पडतं. मग संघ चालवणाऱ्या आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, ज्यांच्या भातशेतीत आता सात-सात मजले उभे आहेत, एक नवा कोच आणला. मोहल्ल्यातलेच, पण अठरा वर्षं मस्कतला राहून आलेले. 'तिकडे मोठ्या क्लबात होते,' असं अध्यक्षांनी माइकवर सांगितलं. माणूस पंचेचाळिशीचा, सुकलेला, डोक्यावर टोपी, बोलणं इतकं हळू की समोरच्याने कान पुढे करावा. भिंतीवर त्यांचं नाव लगेच पडलं, मस्कतवाला.

पहिला आठवडाभर त्यांनी पोरांना बॉलच दिला नाही. नुसतं धावायचं, थांबायचं, वळायचं. दुसऱ्या आठवड्यात बॉल दिला तर म्हणे जमिनीवरूनच खेळायचा, आणि पुढे वाट नसेल तर मागे द्यायचा. मागे द्यायचा म्हटल्यावर भिंत खवळली. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे उचल आणि मार. कंडक्टर काका तिथूनच ओरडले, 'आरं, गोल तिकडं हाय. मागं कनाला देतंस?' कोचनी वळून बघितलं, हात जोडून हसले आणि पोरांना पुन्हा मागेच द्यायला लावला.

पहिल्याच मॅचला गव्हाणच्या संघाकडून सहा गोल खाल्ले. हाफटाइमच्या आत आमच्या पाठी फिरल्या होत्या. मॅच संपल्यावर कोच भिंतीजवळ आले आणि विचारलं, 'तुम्ही सगळे उलटे का बसलात?' मीच म्हटलं, 'आमच्यात असंच असतं.' ते म्हणाले, 'थोडा सब्र करा. ह्या पोरांच्या पायात बारा वर्षांची सवय आहे.' त्यांनी सगळ्यांना सलाम केला आणि गेले. आम्हाला तो सलामसुद्धा लागला.

पुढची मॅच कोन गावाशी. पाच. त्याच्या पुढचीही पाच. त्यात कोचनी आमच्या लाडक्या फॉरवर्डला बाहेर बसवला, का तर सरावाला उशिरा येतो. अहो, गोल मारणारा पोरगा, तो दुपारी येऊ दे नाहीतर लग्नाच्या वरातीतून येऊ दे, तुम्हाला काय करायचंय? मी त्या दिवशी तावातावाने हेच बोललो आणि भिंतीने माना डोलावल्या. शेवटचे दोन संघ लीगमधून बाहेर जाणार होते. आमचा क्रमांक खालून पहिला होता.

त्याच सुमाराला कंडक्टर काका बातमी घेऊन आले. त्यांच्या शेजाऱ्याचा मेहुणा मस्कतलाच होता. 'यो कोच होता कवा? यो तिकडं मैदानाव चुना मारायचा. रेघा ओढायचा रेघा.' भिंतीवर जे हसू फुटलं ते थांबेना. चुना लावला आपल्याला, हे वाक्य त्या संध्याकाळी प्रत्येकाने एकदा तरी म्हटलं असेल. मग कोणीतरी माझ्याकडे बघितलं. एक अर्ज होऊन जाऊ दे.

मी तो अर्ज मन लावून लिहिला. दीड पान. 'सदर इसमास प्रशिक्षणाचा कोणताही अनुभव नसल्याचे खात्रीलायकरीत्या समजते.' 'गुणी खेळाडूंवर आकसापोटी अन्याय होत आहे.' आणि ज्या वाक्यावर मी खूश होतो ते, 'संघाची दिवसेंदिवस अधोगती होत असून वेळीच आवर न घातल्यास आपल्या परंपरेचा ऱ्हास अटळ आहे.' खाली आठ सह्या. शेवटची माझी, जरा लहान काढलेली. मधल्या आठवड्यात आणखी दोन मॅच झाल्या आणि त्याही आम्ही हरलो. मग अर्ज अध्यक्षांच्या हातात दिला.

दोन दिवसांनी भर दुपारी कोच माझ्या टपरीत आले. मला वाटलं, आता हा माणूस माझी गचांडी धरतो. पण अर्ज कोणी लिहिला ते त्यांना ठाऊक नव्हतं. घाम पुसत स्टुलावर बसले आणि म्हणाले, 'माझ्याविरुद्ध अर्ज आलाय. रविवारी बैठक आहे. अध्यक्ष म्हणाले, तुमचं म्हणणं लेखी द्या. ज्याने लिहिलाय त्याने फार चांगला लिहिलाय म्हणे. मला असं मराठी येत नाही रे. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलो, आता जोडाक्षर आलं की अडखळतो. सगळे म्हणाले, तुझ्याकडे जा.'

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, 'सांगा भाई, काय लिहू?'

ते बराच वेळ बोलले, एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. 'चुना मारायचो म्हणतात ते खरं आहे. मी लपवलं नाही. अध्यक्षांनी विचारलं, क्लबात होतास का, मी हो म्हटलं. रोज सकाळी चुना मारायचा आणि मग त्याच मैदानाच्या कडेला बसून कोच काय शिकवतो ते बघायचं. अठरा वर्षं बघितलं. तुम्ही भिंतीवरून बघता, तसंच.' मग बोटांवर मोजत म्हणाले, 'हे नक्की लिही. पहिल्या मॅचला सहा खाल्ले. मग पाच, पाच, तीन. परवा दोन. आणि परवा पहिल्यांदा आपण एक मारला. कमी होतायत ना? हरतोय, पण कमी होतायत.'

मला ते माहीत होतं. त्या परवाच्या मॅचला आमच्या पाठी फिरलेल्याच होत्या, पण मी मान वळवून चोरून बघत होतो. बॉल जमिनीवरून एका पोराकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, मागे, मग एकदम पुढे गेला आणि गोल झाला. पोरांनाच खरं वाटेना. मी मान परत सरळ केली आणि भिंतीवर कोणाला काही बोललो नाही.

'आणि शेवटी असं लिही,' ते म्हणाले, 'मला फक्त सिझन संपेपर्यंत राहू द्या. मग मी स्वतःच जाईन. इथे मला कोण ओळखतं? गल्लीत भेटला की जो तो विचारतो, कधी आलात, परत कधी जाणार? ह्या पोरांनी मला सर म्हटलं. मी अर्ध्यातून हाकलला गेलो तर ह्या गावात तोंड कुठे दाखवू?'

मी टाइप करत होतो. चार ओळी टाइप केल्या. 'उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, मला माझ्या पदावर चालू हंगाम संपेपर्यंत कायम ठेवण्यात यावे. आपण योग्य तो निर्णय घ्याल ही आशा.' बस. सहा-पाच-पाच-तीन-दोन मी लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर माझी 'दिवसेंदिवस अधोगती' सगळ्यांसमोर उघडी पडली असती. एवढ्यासाठी. एका वाक्याच्या प्रेमासाठी मी हे केलं.

प्रिंट निघाली. ते म्हणाले, 'वाचून दाखव.' आणि मी वाचून दाखवलं. कागद समोर धरून, कागदावर नसलेलं सगळं. चुन्याचं, अठरा वर्षांचं, गोल कसे कमी होत गेले त्याचं. तोंडी अर्ज मला फार चांगला जमतो. पोरांनी सर म्हटल्याचंही मी वाचलं, थोडं वाढवूनच. त्यांचे डोळे भरून आले. 'माझ्या मनातलं लिहिलंस,' म्हणाले आणि उर्दूत सही केली. एक झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली, घरी राहू दे म्हणून.

रविवारच्या बैठकीला भिंतीची सगळी माणसं हजर. अध्यक्षांनी आमचा अर्ज मोठ्याने वाचला, खालच्या सह्यांची नावं सोडून. दुसरा मनातल्या मनात वाचला, पालथा करून मागे काही आहे का बघितलं आणि शेजारच्याला दाखवला. मग दोन्ही कागद जवळ धरून माझ्याकडे बघत हसले. एकच टाइप, एकच छपाई. मग कागद बाजूला ठेवले. कोचना त्यांनी विचारलं, 'यापेक्षा काही बोलायचंय?'

कोच उठून उभे राहिले. 'नाही साहेब,' ते म्हणाले, 'लिहून दिलंय त्यात सगळं आहे.'

मी समोर होतो, चार हातांवर. उठून म्हणायचं होतं की नाही, त्यात काहीच नाही, सगळं माझ्याकडे आहे, मी सांगतो. मी बसूनच राहिलो. पाच मिनिटांत कोचना मोकळं केलं. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशी जरा जास्त वेळ मिळवला, कारण मी त्यांचा अर्ज लिहिला होता.

पुढच्या मॅचला कोच म्हणून कंडक्टर काका उभे राहिले. लाडका फॉरवर्ड आत आला. उचल आणि मार. आठ गोल खाल्ले. त्यानंतरच्या मॅचला निम्मी पोरं आलीच नाहीत, आणि आम्ही शेवटून पहिले राहून लीगबाहेर गेलो. नंतर संघ कधी उभाच राहिला नाही. दोन वर्षांत मैदानात गाड्या लागायला लागल्या. गोलपोस्टचे पाइप कोणीतरी मांडवाला नेले. आमची भिंतही रस्ता रुंद करताना गेली. कंडक्टर काका पुढे कधी भेटले की म्हणायचे, 'तो मस्कतवाला ठेवला आसता तर?' आणि मग आपणच उत्तर द्यायचे, 'तरी बुडालोच आसतो.' असू शकेल. मला ते उत्तर कधी पुरलं नाही.

चार-पाच वर्षांनी कोच पुन्हा टपरीत आले. पासपोर्टसाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं. वय पन्नाशीला टेकलेलं, आणि परत मस्कत, आता कुठल्याशा गोदामात. त्यांची बायको बरोबर होती, ती बाहेर बाकावर बसली. कोच माझ्याशी नीट बोलले. माझ्या आईची चौकशी केली. मैदानाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. मी एकेक शब्द तपासून टाइप केला. इतकं जपून मी आयुष्यात काही टाइप केलं नसेल.

प्रिंट काढली आणि सवयीने कागद समोर धरला. 'थांबा भाई, वाचून दाखवतो.'

'नको,' ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हळू. 'वाचताना तू छान वाचतोस.'

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि बाहेर बायकोला दिला. ती मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. घडी केलेली ती झेरॉक्स तेव्हा घरीच गेली होती. तिने पर्समधून चष्मा काढला, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवत कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग पहिली ओळ पुन्हा एकदा वाचली. ते तिच्याशेजारी उभे होते आणि मी आत खुर्चीवर. तिने मान हलवली. मग त्यांनी सही केली.