पस्तीस मिनिटांवरचा मुलगा

शिवणकाम करणाऱ्या काकूंचा मुलगा वैमानिक झाला, तेव्हा गल्लीत सगळ्यात जास्त मिरवली ती त्यांची शेजारीण. काकूंचं दुखणं वेगळंच होतं. मुलगा रोज त्यांच्याच गावी यायचा आणि घरी मात्र यायचा नाही.

त्याची नेमणूक डोंगरापलीकडच्या शहरात. सकाळी तिथून छोटं विमान घेऊन यायचा, माणसं उतरवायचा, नवी घ्यायचा, की लगेच माघारी. काकू फोनवर तणतणायच्या, "दोनशे किलोमीटर उडत येतोस, आणि पुढच्या सहा किलोमीटरला तुझे पाय दुखतात?"

"आई, विमान उभं करून घरी नाही येता येत गं."

"रिक्षावाले येतात की!"

शेवटी एका मंगळवारी काकूंनी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याला न सांगता त्याच्याच विमानाचं तिकीट काढलं. रस्त्याने जायचं तर घाटात अख्खा दिवस मोडतो. विमानाने पस्तीस मिनिटं. तेवढ्यात पोटभर गप्पा होतील, असा त्यांचा बेत. वैमानिकाचं दार आतून बंद असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तपासणीत त्यांची कात्री काढून घेतली. विमानात बसल्या बसल्या त्या हवाई सुंदरीला म्हणाल्या, "त्याला जरा बाहेर बोलाव गं."

"कोणाला?"

"चालवणाऱ्याला. मी आई त्याची."

पोरीने हसू दाबलं. "आत्ता नाही येता येणार त्यांना, काकू. उतरल्यावर नक्की भेटतील."

इतक्यात वरून आवाज आला, "नमस्कार. मी आपला कॅप्टन बोलतोय. पस्तीस मिनिटांत आपण पोहोचू." आवाज असा भारदस्त, की काकूंना क्षणभर शंकाच आली. मग त्यातली खरखर ओळखीची वाटली आणि त्या वरच्या जाळीकडे बघून ओरडल्या, "घसा बसलाय तुझा! गरम पाणी पी!"

शेजारच्या गृहस्थांनी मुकाट्याने पट्टा आणखी घट्ट केला.

खाली घाट चुरगळलेल्या कापडासारखा पडला होता. काकूंना त्यावरून इस्त्री फिरवावीशी वाटली. तोवर विमान उतरूही लागलं.

कॅप्टन दाराशी उभा राहून निरोप देत होता. "धन्यवाद, पुन्हा या. धन्यवाद, पुन्हा या." काकूंनाही तेच म्हणाला. काकू हलल्या नाहीत.

"आई? तू?"

"पुन्हा या म्हणालास ना? मग परतीचं तिकीट तू काढ."

"अगं, सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर नको म्हणाला असतास."

पुढच्या उड्डाणाला अर्धा तास होता. दोघं प्रतीक्षागृहात बसली. त्याच्या कोटाचं बटण लोंबत होतं. काकूंनी पर्समधून सुई काढली आणि सगळ्या प्रवाशांसमोर कॅप्टनसाहेब शाळेतल्या पोरासारखे हात वर करून उभे राहिले.

"घरी एकटं वाटतं का गं?" त्याने हळूच विचारलं.

काकूंनी मान खाली घालून दोरा दातांत धरला. कात्री नसल्यामुळे तोंड दोऱ्यात अडकलं होतं, असं त्या नंतर सांगायच्या.

त्याने महिनाभर खटपट करून पाळी बदलून घेतली. आता बुधवारी संध्याकाळचं शेवटचं विमान तो आणतो आणि घरीच मुक्काम करतो.

काकूंची तक्रार मात्र चालूच आहे. "कसल्या गप्पा? येतो, जेवतो आणि घोरतो," असं त्या गिऱ्हाइकांना सांगतात. पण सांगतात कुजबुजत, आणि आतलं माणूस उठेपर्यंत शिलाई मशीनला हात लावत नाहीत.