दोरी उतरवायची राहिली

चार वर्षांच्या नातीसाठी बांबूच्या कामटीचं छोटंसं धनुष्य केलं. लागू नये म्हणून बाणाच्या टोकाला चिंधी गुंडाळली.

"आबा, ही काढा ना. चिमणीला लागायला हवं," ती इतक्या सहज म्हणाली, की माझा हातच थांबला. हे तिला कुणी शिकवलं? बहुधा कुणीच नाही. धनुष्य हातात आलं की डोळे आपोआप नेम शोधू लागतात. आणि ते हातात दिलं मीच.

खेळून झालं की दोरी उतरवायची, नाहीतर कामटी वाकूनच बसते, तिचा जोर जातो, हे मीच तिला सकाळी सांगितलं होतं. संध्याकाळी ती धनुष्य घेऊन आली.

"आबा, दोरी उतरवायची राहिली."

"राहू दे तशीच," मी म्हणालो.

माझ्यावर विश्वास ठेवून ती ते ताणलेलं धनुष्य उशाशी घेऊन झोपली.