डावा टर्बो, उजवा टर्बो

ती गाडी बाजारात आली तेव्हा तिच्यात टर्बो एकच निघाला. तुळिंजच्या पेपरवाल्यापाशी उभ्या उभ्या मी मासिक उघडलं. इंजिनाचा पानभर फोटो होता आणि डाव्या अंगाला काहीही नव्हतं. हे मला वर्षभर आधीपासून माहीत होतं. तरी मी ते पान तीनदा बघितलं, कुठे चुकून दुसरा दिसतोय का म्हणून. पेपरवाला शेवटी म्हणाला, "घ्यायचंय का नुसतं वाचायचंय?" मी मासिक ठेवलं आणि चालू लागलो.

निर्मळ गावात माझ्या बहिणीच्या घरामागे वाडी होती. अकरा माड, केळी, मोगऱ्याचे वाफे आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. ती वाडी त्या नसलेल्या टर्बोपायी गेली. तिथल्या शेडमध्ये आता मंडपवाल्याच्या खुर्च्या असतात. वाडी माझ्यामुळे गेली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे सांगितलं होतं, पण ज्यांनी मानायला हवं होतं त्यांनी मानलं नाही.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. वसई पूर्वेला एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी इन्स्पेक्टर होतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तसला तो हुद्दा. मशीनवरून उतरलेला माल मोजायचा, बरोबर असेल तर हिरवा ठिपका द्यायचा, चुकला असेल तर लाल रंग फासायचा. आम्ही पंपाचे भाग करायचो. एक दिवस पुण्याकडच्या मोठ्या कारखान्याचं नमुन्याचं काम आलं. गोगलगायीच्या आकाराची बिडाची कास्टिंगं होती. ड्रॉइंगवर नाव नव्हतं, नुसता नंबर. पण ती गोगलगाय बघून कुणीही ओळखावं की हे टर्बोचं कवच. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर आत एक चक्री फिरते, ती इंजिनात जादा हवा कोंबते आणि गाडी पळते, एवढंच ते प्रकरण. माल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याने छातीठोकपणे सांगितलं की हे त्या येऊ घातलेल्या गाडीचं काम आहे.

त्या गाडीने तेव्हा लोकांना वेड लावलं होतं. आपल्याकडची म्हणून इतकी वेगवान गाडी आधी झाली नव्हती. ओळखू येऊ नये म्हणून काळे-पांढरे पट्टे चिकटवून कंपनी ती रस्त्यावर पळवून बघायची, तेव्हा कुणी कुणी तिचे अंधुक फोटो काढले होते. इंटरनेटवर गाडीवेड्यांचा एक अड्डा होता, तिथे रोज हमरीतुमरी चालायची आणि वाद एकच, टर्बो एक की दोन? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. तुळिंजच्या सायबर कॅफेत अर्धा तास बसून मी ती भांडणं वाचायचो.

आणि माझ्या टेबलावर दोन ड्रॉइंगं पडली होती. एका कवचाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, बाकी माप न् माप तेच. नमुने आठ आणि आठ. शेठपासून झाडूवाल्यापर्यंत आमच्यात कुणालाच शंका आली नाही. गाडीला दोन टर्बो, इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक. आम्ही जन्मभर डाव्या-उजव्या जोडीचेच भाग केले होते. डावा आला की उजवा येणारच. एकाच जागेसाठी दोन तऱ्हांनी करून बघायचं आणि आवडलं नाही ते फेकून द्यायचं, ही चैन आम्ही कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे फेकतात ते फक्त चुकलेलं. शेठ म्हणाले, "दोन म्हणजे काम डबल. आपल्या मशीनींना झेपणार नाय, थोडं बाहेर द्यायला लागेल."

त्याच संध्याकाळी मी कॅफेत जाऊन मोडक्या इंग्रजीत लिहिलं: दोन आहेत, इंजिनाला दोन कानांसारखे, मी स्वतः हातात धरून मोजलेत. खाली नाव टोपणच होतं. पंधरा मिनिटांत चाळीस माणसं मला साहेब म्हणू लागली. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात माझं म्हणणं इतक्या लोकांनी कधी ऐकलं नव्हतं. मी तरंगत घरी आलो.

तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण रविवारी मी ताईकडे निर्मळला गेलो. भावोजी हाडाचे टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. त्यांचा कारखाना बंद पडून पाच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ते आईच्या हाताखाली वाडी बघत होते. वाडीत त्यांचा जीव नव्हता. मोगऱ्याच्या कळ्या खुडताना त्यांच्या चेहऱ्यावरची कळा बघवत नसे. दुपारी पडवीत बसून ते जुना व्हर्नियर, म्हणजे लोखंडाची जाडी मोजायचं हत्यार, तेल लावून पुसायचे. मोजायला काही नव्हतं. ताईशी त्यांचं बोलणं जेवायला वाढ, पाणी दे, इतपत उरलं होतं.

"काय इन्स्पेक्टरसाहेब, या आठवड्यात कुणाला लाल केलंत?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

मी त्यांना सगळं सांगितलं. दोन ड्रॉइंगं, दोन टर्बो, डबल काम, बाहेर द्यावं लागणार हे शेठचं वाक्य. सांगताना जरा मीठमसालाही घातला. शेठ "लागेल" म्हणाले होते, मी "शेठ माणूस शोधतायत" असं सांगितलं. भावोजींनी व्हर्नियर खाली ठेवला. "घरामागे शेड झाली तर?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मग काय, सोनंच." ते वाक्य मला आजही झोपू देत नाही.

महिन्याभराने ते स्वतः तुळिंजला माझ्या घरी आले, हातात एका पेपरची पुरवणी घेऊन. गाड्यांच्या सदरात छापलं होतं, की खात्रीलायक सूत्रांच्या माहितीनुसार या गाडीला दोन टर्बो असतील, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, दोन कानांसारखे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी म्हटलं, "बघा! मी सांगत नव्हतो?" आपलेच शब्द आपल्याला परत आलेत, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मला वाटलं, अजून कुणीतरी जाणकार तेच सांगतोय. त्या कात्रणाच्या भरवशावर भावोजींनी एका बंद कारखान्यातला लेथ पसंत केला. त्यांच्या आईने दोन दिवस अबोला धरला आणि मग स्वतःच्या बोलीत काहीतरी म्हणून मान हलवली. ताईने मला त्याचा अर्थ सांगितला: माड लावला तो पोराच्याच पोटासाठी, त्याला पोट तिकडे दिसत असेल तर तोडू दे.

झाडं तोडायचा रविवार ठरला. त्याच्या आदल्या गुरुवारी पुण्याहून नमुने न्यायला एक तरुण इंजिनिअर आला. उजव्या तोंडाची आठ कवचं त्याने खोक्यात भरून घेतली. डाव्यांकडे बघितलंही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ती रद्द. टर्बो कुठल्या बाजूला बसवायचा ते ठरत नव्हतं, म्हणून दोन्ही करून बघितली. एकच लागणार. ही आठ बाद करा, कुठे वापरली जाता कामा नयेत."

बाद करायचं काम माझंच. मी लाल रंगाचा डबा उघडला आणि एकेका कवचाला ब्रश मारला. आठही अगदी मापात होती. तिसऱ्या का चौथ्या कवचाला "दोन कानांसारखे" हे शब्द मला आठवले आणि ते छापणाऱ्याला कुठून मिळाले ते कळलं. मी तसाच खाली फरशीवर बसलो. शेजारचा मशीनवाला म्हणाला, "साखर कमी झाली काय रे?"

संध्याकाळी कॅफेत धावलो. लिहिलं, मी चुकलो होतो, टर्बो एकच आहे, माफ करा. उत्तरं पटापट आली. कंपनीने दम दिलेला दिसतो. बिचाऱ्याची नोकरी जाणार. म्हणजे दोन नक्की! मी पुन्हा लिहिलं, शपथेवर लिहिलं. जितकं नाकारत गेलो तितकं त्यांचं पक्कं होत गेलं. शुक्रवारी पेपरच्या कचेरीत फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, आपण कोण? कोण म्हणून सांगू? वर्कशॉपचं नाव सांगितलं तर शेठ दुसऱ्या दिवशी घरी बसवणार. मी फोन ठेवला. भावोजींना मात्र फोन केला नाही. समोर जाऊन सांगू, असं स्वतःला बजावत शनिवारही घालवला. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

रविवारी सकाळी स्कूटर काढली आणि पूल ओलांडून निर्मळ गाठलं. केळी आधीच आडव्या झाल्या होत्या. त्यांचे गाभे बावखलात टाकून वर भराव चालला होता, पाणी काठापर्यंत गढूळ झालेलं. पाच माड पडले होते. भावोजी उघड्या अंगाने, घामाने निथळत, हसत होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"भावोजी, थांबवा हे. टर्बो एकच आहे. दुसरं ड्रॉइंग रद्द झालं. मी स्वतः लाल रंग मारलाय."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "शेठने शिकवून पाठवलं का तुला? काम बाहेर द्यायचं नाही म्हणून?"

"नाही हो, आईशपथ."

"अरे, पेपरात छापून आलंय."

"ते मीच लिहिलं होतं. इंटरनेटवर. तिथून त्यांनी उचललं."

भावोजी खो खो हसले. "तू? खात्रीलायक सूत्र म्हणजे तू?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चहा घे. उन्हाने डोकं फिरलंय तुझं."

मी मागच्या दाराशी गेलो. ताई माणसांच्या चहाचे कप विसळत होती. तिच्यासमोर मी उकिडवा बसलो आणि पहिल्यापासून सगळं ओकून टाकलं. मला रडू फुटलं. ती कप विसळत राहिली.

"मला पटतंय," ती म्हणाली. "लहानपणापासून तू असाच. अर्धं कळलं की पुरं सांगतोस."

"मग तू सांग ना त्यांना. अजून सहा माड उभे आहेत, ताई. तुझं ऐकतील ते."

"ऐकतील." तिने कप उपडा ठेवला. "आणि मग? पाच वर्षांनी काल ते माझ्याशी तासभर बोलले. मशीन कुठे बसवायचं, खिडकी कुठल्या बाजूला काढायची, मला विचारत होते. आता त्यांना काय सांगू, उद्यापासून परत कळ्या खुडा?"

"पण काम येणारच नाही!"

"ते कळायला अजून वर्ष जाईल ना?" असं म्हणून तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तेवढं वर्ष मला हवंय. तू आता एक अक्षर बोलायचं नाहीस."

सहावा माड घराकडे कललेला होता. तो उलट्या बाजूला पाडायचा म्हणून शेंड्याला दोर बांधला होता आणि ओढायला माणूस कमी पडत होता. भावोजींनी हाक मारली, "चल रे, हात लाव!" मी ताईकडे बघितलं. ती पदराला हात पुसत दारात उभी होती, घराकडे कललेल्या त्या शेंड्याकडे बघत. मी गेलो आणि दोराच्या टोकाला उभा राहिलो. कुऱ्हाडवाला ओरडला तसा मी जीव खाऊन ओढलं. माड बरोबर वाडीतच पडला, कौलाला धक्काही लागला नाही. "सगळ्यांत जास्त जोर माझ्या मेव्हण्याचा होता," असं भावोजी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगत होते.