बाबा एल्कच्या शिकारीला आले तेव्हा

पहिला एल्क मारला ते सांगायला मी अमेरिकेहून घरी, बालाघाटजवळच्या किरनापूरला फोन लावला, तर बाबा एकदम कुजबुजायला लागले.

"अबे, फोनवर नको बोलू. फॉरेस्टवाले आयकत असतीन."

"इथं परवाना भेटते बाबा. सरकारच देते."

"जनावर मारायचा परवाना?"

"हौ."

"मंग तिथलं सरकार पागल हाय," म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

बाबांची सगळी नोकरी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपर चालवण्यात गेली. बिरसाकडच्या जंगलातून येता-जाता जनावर दिसलं, तर गाडी थांबवून बघायचं आणि पुढे निघायचं, एवढंच त्यांना माहीत. मी खाणकामाचं शिकलो आणि अमेरिकेच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका तांब्याच्या खाणीतच जाऊन पोचलो.

तिथे मला शिकारीला ओढलं एका बाईंनी. त्याही डंपर चालवायच्या, निवृत्तीला आल्या होत्या. नवरा वारलेला, मुलं शहरात, आणि त्यांतल्या एकालाही डोंगर चढायची हौस नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या मला म्हणाल्या, "तू सारखा त्या डोंगराकडे बघतोस. चल की एकदा. नवी माणसं आलीच नाहीत, तर हे सगळं आमच्याबरोबर संपेल."

आधी त्यांनी मला बंदुकीच्या सुरक्षेच्या वर्गाला बसवलं. पहिल्या मोसमात हातात बंदूक दिलीच नाही. नुसतं चालायचं, थांबायचं, आणि छोट्या बाटलीतली पावडर हवेत उडवून वारा कुठे वाहतोय ते बघायचं. वारा पाठीवर आला, की आपला वास जनावरापर्यंत जाणार म्हणून त्या मुकाट्याने वळायच्या आणि अख्खा डोंगर वळसा घालून पुन्हा चढायच्या. दुसऱ्या मोसमात मला मादीचा परवाना मिळाला. एल्क म्हणजे आपल्या कान्हातल्या बारशिंग्याचाच भाऊबंद, पण अंगाने घोड्यासारखा. गोळी लागली, ती मादी थोडं चालली आणि खाली बसली. बाई तिच्याजवळ गेल्या, तिच्या मानेवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "आता खरं काम." अंधार पडेपर्यंत आम्ही कापडी पिशव्यांतून मांस खाली वाहत होतो. वाया काही घालवायचं नाही, हा त्यांचा नियम.

पुढच्या वर्षी आई गेली. बाबांना मी माझ्याकडे घेऊन आलो. मोसम उघडायच्या आदल्या दिवशी मी बुटांना मेण लावत होतो, तर बाबा शेजारी येऊन बसले.

"मी बी येतो. पायतो तरी, काय करता तुमी."

पहाटे ते माकडटोपी घालून तयार होते. स्वेटरवर बाईंनी दिलेलं, इतर शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून घालायचं भगव्या रंगाचं जाकीट. बाबा त्यांना "बाई" अशी हाक मारायचे, बाईंना ते इंग्रजी "बाय" वाटायचं. त्या दर वेळी हात हलवून निरोप द्यायच्या आणि बाबा माझ्याकडे बघून विचारायचे, "काहून बे, कुठं चालल्या ह्या?"

उजाडता उजाडता आम्ही एका पडलेल्या झाडामागे बसलो. बर्फ फार नव्हता. खालच्या गवतात कळप आला. कुडकुडत, पण डोळे न हलवता बाबा बघत होते. मी बंदूक खांद्याला लावली. एका मादीची कूस माझ्याकडे वळली, बाईंनी मान हलवली, आणि बाबांना खोकला आला. साधासुधा नव्हे. जन्मभराच्या बिड्यांचा. कळप एका क्षणात झाडीत गडप.

बाबांनी तोंडावर मफलर दाबला. "माह्यानं सत्यानाश झाला बापू. तिले सांग, चुकलं म्हणा."

मी सांगणार, तेवढ्यात बाई हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या. "माझा नवरा असाच खोकायचा," त्या म्हणाल्या. "नेमका असाच. किती एल्क पळवले त्याने! मी भांडायचे."

मी बाबांना सांगितलं. मग थर्मासमधला चहा त्यांनी आधी बाईंना ओतून दिला. "मायी बायको बी अशीच भांडे," ते म्हणाले. त्याचं भाषांतर करायला मला जरा वेळ लागला.

त्या मोसमात आम्हाला काहीच मिळालं नाही. बाईंनी आपल्या फ्रीजरमधलं जुनं मांस काढून दिलं, बाबांनी घरून आणलेला मसाला घालून लालभडक रस्सा केला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पुढे त्यांचे गुडघे गेले. "एकट्याने जाऊ नकोस," त्यांनी बजावलं, "कोणाला तरी ने." म्हणून मी खाणीतल्या एका तेलुगू वेल्डरला नेलं, आणि बाटलीतली पावडर उडवून दाखवताना माझ्या तोंडून बाईंचीच वाक्यं निघाली.

आता मी बालाघाटला परत आलोय. बाबा माझ्याकडेच असतात. धान कापणीच्या दिवसांत सकाळी गारवा सुटतो, तेव्हा तिकडे मोसम चालू असतो. वेल्डर डोंगरावरून फोटो पाठवतो. परवाच्या फोटोत त्याच्या शेजारी त्याची बायको बसलेली होती, अंगात भगवं जाकीट, नाक लाल झालेलं. मी तो फोटो बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "चहा नेला की नाई यायनं?"