चक्कीवरचं बोलणं

आमच्या पिठाच्या चक्कीत कुणालाच काही ऐकू येत नसे, आणि तरी दळण घेऊन आलेली निम्मी माणसं मला आवर्जून सांगून जायची की तुमची पोरगी बहिरी आहे. जणू मला त्यांच्याकडूनच कळायचं राहिलं होतं. असं सांगताना त्यांना माझ्या कानाशी तोंड आणून बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे, कारण मोटार चालू असायची. पोरगी समोर डब्याला टेकून बसलेली असे आणि त्यांच्या फुगलेल्या गालांकडे बघून हसत असे.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, पांढुर्ण्यातली. बाजाराच्या रस्त्यावर आमची चक्की होती. एक मोटार, एक पट्टा, दोन दगड आणि कोळ्याच्या जाळ्यांवरसुद्धा पीठ. सासऱ्यांनी ती नवऱ्याच्या नावे केली, कारण थोरल्याला सौसरला सरकारी नोकरी लागली होती आणि धाकट्याचं काय करावं हे कुणाला सुचत नव्हतं. लोक म्हणायचे, स्वतःचा धंदा, तुम्ही मालक. डोंबलाचे मालक. मालक होती लाईन, म्हणजे वीज. ती आली की आम्ही पळायचं, गेली की बसायचं. पोरीला ताप असो, घरात पाहुणे असोत, तव्यावर भाकरी असो, दिवा लागला की दारात पिपे वाजायला लागत. नवरा पट्ट्यापाशी, मी दळण ओतायला आणि पीठ भरायला. नोकरदारांच्या बायका मला विचारायच्या, मुलीसाठी तुम्ही रजा का नाही घेत? मी कुणाकडे अर्ज द्यायचा होता, खांबावरच्या तारेकडे?

पोरगी हाक मारल्यावर वळत नाही हे आमच्या लक्षात आलं तेव्हा ती चालायला लागली होती. मग गावाच्या अंगात वैद्य संचारला. कुणी म्हणालं कानात लसणाचं तेल घाला, कुणी म्हणालं पोटुशी असताना ग्रहणात बाहेर पडली असशील. तिगावच्या एका बाईने पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घालायला सांगितलं, म्हणजे म्हणे वाचा फुटते. तसा पेरू मी शोधून आणला आणि खाऊ घातला. पोरीने तो आवडीने खाल्ला आणि दुसरा मागितला, हाताने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावरून आणि सावरगावच्या त्या काठावरून एकमेकांची डोकी दगडांनी फोडणारं आमचं गाव, आणि हे गाव मला सांगणार की माझ्या पोरीत काही कमी आहे.

खरं तर पोरगी चक्कीतच सुखात होती. तिथे सगळेच हाताने बोलत. गहू बारीक दळायचे असले की अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळायचं. जाड हवं असेल तर पाची बोटं मोकळी करून दाखवायची. ज्वारी म्हणजे भाकरी थापल्यासारखे दोन तळवे. लाईनचा भरवसा नाही म्हणायला दिव्याकडे बोट. आणि दळण झालं की मी दोन्ही हात झटकून डब्याकडे दाखवायची, म्हणजे झालं तुमचं, घेऊन जा. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. पोरीने ते सगळं उचललं आणि त्यात स्वतःची भर घातली. चौथ्या-पाचव्या वर्षी ती बायकांना दारातच अडवून अंगठा चोळून विचारायची आणि मला येऊन सांगायची. कोण भांडकुदळ आहे, कोणाच्या गव्हात खडे आहेत, हेसुद्धा सांगायची. एवढी बडबडी पोर मी दुसरी पाहिली नाही.

आता भासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. भासरे म्हणजे माझे थोरले दीर, सौसरचे. आमच्याकडे भावजय भासऱ्यांशी बोलत नाही आणि भासरे भावजयीशी बोलत नाहीत. बोलायचंच झालं तर मध्ये एखादं मूल उभं करायचं. सौसरला गेलं की समोरासमोर तीन हातांवर बसून ते आपल्या मुलाला म्हणत, "सांग तुझ्या काकूले, चहात साखर जास्त झाली." मी पदर पुढे ओढून त्याच मुलाला म्हणायची, सांग बाबांना, दुसरा करून आणते. मूल आपलं भोवरा फिरवत असे, कुणाला काही सांगत नसे. दोघांनाही सगळं ऐकू गेलेलं असे. याला आमच्या घरात मर्यादा म्हणत.

नागपूरच्या एका बहिऱ्या मुलांच्या शाळेचा शोध भासऱ्यांनीच लावला. मी पोरीला घेऊन पॅसेंजरने गेले, कडेवर पोर आणि केसांत पीठ. तिथल्या बाई कडक होत्या. त्यांनी पोरीचा हात आपल्या गळ्यावर ठेवून तिला आवाजाची थरथर दाखवली, ते मला आवडलं. मग पोरीने मला खूण केली, पाणी हवं. मी खुणेनेच म्हटलं, थांब. बाईंनी लगेच पोरीचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, हे आधी बंद करा. हातवारे केले तर मूल बोलायला कधीच शिकणार नाही, ते आळशी होतं. खूण केली तर बघू नका, हात धरा, तोंडाने मागेपर्यंत पाणी देऊ नका. चक्कीत तर नेऊच नका. तिला दिवसभर कुणीतरी समोर बसवून बोलायला हवं, आणि ते जमत नसेल तर आमच्या वसतिगृहात ठेवा, सुट्टीला घरी न्या.

दिवसभर समोर कोण बसणार होतं? बाईंना पगार होता. भासऱ्यांनाही होता. दर रविवारी ते सौसरहून बसने यायचे आणि मला ऐकू जाईल अशा बेताने नवऱ्याला सांगायचे, "तिले सांग, पोरीचे हात धर म्हणा. काहून हातवारे करून राहिली अजून?" दिवाळीपर्यंत पोरगी बोलली नाही तर वसतिगृह, हेही त्यांनीच ठरवलं. नवरा मान हलवायचा. दादा म्हणतात त्यात तथ्य असेल, असं तो आयुष्यभर म्हणत आला आहे.

मी करून पाहिलं. सकाळी लाईन यायच्या आत तिला खिडकीपाशी बसवून माझ्या गळ्यावर तिचा हात ठेवायची आणि पाणी, पाणी म्हणायची. ती पा म्हणायला लागली. त्या पा-चा मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पण लाईन आली की चक्की, आणि चक्कीत पा काय आणि पाणी काय, सगळं सारखंच. तिने खूण केली की मी माझेच हात पदरात गुंडाळून धरायची. पोरगी येऊन पदर सोडायला बघायची. सोडला नाही की माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि मग कोपऱ्यात पोत्यांकडे तोंड करून बसायची. माझी बडबडी पोर आठवड्याभरात मुकी झाली. ती जन्मतः मुकी नव्हती, तिला त्या शहाण्यांनी मुकं केलं. मी पदर सोडला आणि नागपूरच्या बाई, सौसरचे साहेब यांच्या नावाने जे बोलायचं ते मोटारीच्या आवाजात मोठ्याने बोलून घेतलं. चक्कीत ही सोय चांगली होती.

दिवाळीच्या तोंडावर दळणांची नुसती रीघ. बेसनाला तर दारापर्यंत रांग. नवरा नवा पट्टा बघायला गेला होता आणि जुन्या पट्ट्यावर मी एकटी होते. अशा वेळी भासरे आले. हातात पिशवी, पांढरा शर्ट, पिठात पाय ठेवू की नको असा चेहरा. भाऊ दिसेना. मी समोरच होते, पण माझ्याशी बोलायची सोय नव्हती. मीही मोटार बंद करणार नव्हते. मध्येच थांबवली तर दगडात दाणा अडकतो, आणि रांगेतल्या बायकांनी मलाच दळलं असतं. पोरीने त्यांना बघितलं आणि तळहात दाखवून पोत्यावर बसवलं. साहेब बसले.

मग लाईन गेली. पट्टा फटफटत थांबला आणि चक्कीत एकदम शांत झालं. बायका कान टवकारून उभ्या. भासरे उठले, घसा खाकरला, भिंतीकडे पाहिलं. मर्यादा पाळायची तर मध्ये एक मूल हवं. मूल होतं. ते माझ्या बहिऱ्या पोरीकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "सांग आपल्या मायले, होस्टेलात जागा भेटली म्हणा. सोमवारी पोचवाचं आहे."

पोरीने त्यांच्या ओठांकडे नीट बघितलं. मग अंगठा बोटावर चोळला, बारीक की जाड?

रांगेतली एक म्हातारी पदरात हसली. भासऱ्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने. आणि सांगता सांगता त्यांचे हात वर आले. पोरीकडे बोट, मग लांब स्टेशनाच्या दिशेला, मग गालाखाली तळवा, तिथे झोपायचं. हात धर म्हणा, असं वर्षभर बजावणाऱ्या माणसाचे ते हात. त्यांना स्वतःला कळलंही नसेल.

पोरीला मात्र कळलं. ती माझ्याकडे वळली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी, लांब, झोप. मग तिने आपलं एक जोडलं, माझ्याकडे बोट दाखवून भुवया वर केल्या. तिथे तू आहेस का?

मी हातातला डबा खाली ठेवला आणि हात मोकळे केले. खुणेने म्हटलं, नाही. मी इथे. तू इथे, माझ्याजवळ. तिने क्षणभर खात्री करून घेतली. मग भासऱ्यांसमोर जाऊन दोन्ही हात झटकले आणि त्यांच्या पिशवीकडे बोट दाखवलं. झालं तुमचं, घेऊन जा.

त्यांनी पिशवी उचलली आणि ते गेले. पोरगी वसतिगृहात गेली नाही. पुढे कित्येक वर्षं सौसरला ते नातेवाइकांना सांगत फिरले की धाकट्याची बायको मला चारचौघांत उलट बोलली. हे धादांत खोटं आहे. भासऱ्यांशी मी जन्मात एक शब्द बोललेले नाही.