मुलाची हक्कसोड

माझं चार एकराचं शेत आंजीला आहे आणि सातबाऱ्यावर माझं एकटीचं नाव आहे. नवरा गेल्यावर दिरांनी ते सुखासुखी लागू दिलं नाही. म्हणून कोणी शेताची गोष्ट काढली, की मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहते.

मुलाने गोष्ट काढली ती फोनवर, थायलंडहून. तोंड दिसत नव्हतं.

तो बुद्धगयेला यात्रेकरूंच्या बसवर कामाला होता. थायलंडचे लोक यायचे, त्यांची भाषा शिकला, त्यांच्यातल्याच एकीशी लग्न केलं आणि तिच्या गावी राहायला गेला. आम्ही बौद्ध, तीही बौद्ध, म्हणून वस्तीतल्या लोकांना फार आनंद झाला. मला झाला नाही. धर्म एक असला म्हणजे नियत चांगली असते, असं मी सासरी तरी पाहिलं नव्हतं.

तिकडे तिचं खानावळीचं दुकान आहे. "तू काय करतो?" विचारलं की मुलगा विषय बदलायचा. एकदा बोलून गेला, "माय, लग्नाच्या व्हिसावर काम नाई करता येत. कामाचा परवाना येगळा काढा लागते. गिऱ्हाइकासमोर ताट नेऊन ठेवलं तरी पकडू शकतात."

"बायकोच्याच दुकानात?"

"बायकोच्याच."

"बरं हाये. तिनं कमवावं आन तू घर झाडावं. एवढ्यासाठी शिकवलं का तुले?"

मग एक दिवस म्हणाला, आंजीचं शेत विकू आणि इकडे घरासाठी जागा घेऊ.

"कोणाच्या नावानं?"

"तिच्या. बाहेरच्या माणसाले इथं जमीन घेता येत नाई."

"अर्धी तरी?"

"अर्धी बी नाई. वर घर बांधलं त ते माह्या नावानं होऊ शकते."

"मंग भांडण झालं त घर डोक्यावर घेऊन येशीन का आंजीले?"

तो हसला. मी हसले नाही. पुढे त्यानं सांगितलं ते मी दोनदा विचारून घेतलं. जमीन घेताना त्याला तिथल्या कचेरीत सही करून द्यावी लागणार होती, की हा पैसा बायकोचाच आहे, माझा यात काही हक्क नाही.

ही सही मला माहीत होती. बाप गेल्यावर भावांनी मला तहसिलात नेलं आणि हक्कसोडीच्या कागदावर सही घेतली. बहिणी करतातच. मी चौथी शिकलेली, कागद पूर्ण वाचला, तरी केली. नाही केली तर माहेर तुटतं. बदल्यात लुगडं मिळालं. त्याच हिवाळ्यात मी बापाच्या बांधावर तुरीच्या शेंगा तोडायला गेले, तर भावजय म्हणाली, "बाई, विचारून तोडत जाजा."

पुरुषानं बायकोला हक्कसोड लिहून द्यायची, हे मात्र मी नव्यानं ऐकलं.

"इकडं ये," मी म्हटलं. "तिलेही आण. फोनवर शेत विकत नसतात."

थंडीत दोघं आले. मी तिच्यावर नजर ठेवून होते. विहारात तीनदा नीट वाकली. शेतात नेलं तर माती उचलून बोटांत चोळली. भाव काढते आहे, मी मनात म्हटलं. मुलगा म्हणाला, "तिच्या बापाची धानाची शेती हाये, माय." असेल. ज्याच्याकडे शेत असतं त्यालाच आणखी शेत लागतं.

कोणाला न सांगता मी तलाठ्याकडे गेले. सुनेचं नाव माझ्या सातबाऱ्यावर चढू शकतं का, विचारलं.

"नाई आजी. बाहेर देशच्या माणसाले इथं शेती घेता येत नाई."

मला बरं वाटलं. मग घरी येता येता वाटलं, तिच्या गावातही एखाद्या म्हातारीला हेच ऐकून बरं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बांधावर होतो. ती तुरीजवळ थांबली. हात पुढे केला, मागे घेतला, आणि माझ्याकडे पाहून शेंगेकडे बोट दाखवलं.

"तोड," मी म्हटलं. हिला हे शिकवून आणलं असेल, असंही मनात आलं.

मी मुलाला विचारलं, "तिच्या बापाच्या झाडाचा आंबा तू विचारून तोडतो का?"

"तिथं विचारतातच, माय."

"तिचे भाऊ विचारतात?"

काय झालं, असं तिनं त्याला विचारलं असावं. त्यानं सांगितलं. मग ती बोलत राहिली. तेवढ्या वेळात माझी तुरीची अर्धी ओळ तोडून झाली असती.

"काय म्हणते?"

"म्हणते, शेत नोका विकू."

एवढ्या बोलण्याचं एवढंसंच? बाकीचं त्यानं गिळलं. तिच्या बाजूचं होतं की माझ्या, कळायला मार्ग नाही.

शेत मी विकलं नाही. त्याचं नागरिकत्व अजून इथलंच आहे, त्यामुळे माझ्यामागे सातबाऱ्यावर त्याचं नाव लागेल. तेही तलाठ्याला विचारून आले.

निघताना मी त्याला बाजूला घेतलं. "तिथून कोणी हाकललं त फोन करून विचारत बसू नोको. सरळ येजो. अन् हे तिले सांगू नोको."

त्यानं मान हलवली. बसमध्ये बसल्याबरोबर सांगितलंच असेल.